एआयच्या मदतीने पूर्वसंशोधनाचा आढावा कसा घ्यावा

‘हे दहा प्रॉम्प्ट (एआयला द्यायच्या सूचना) वापरा आणि प्रबंधाचं दुसरं, म्हणजे आढाव्याचं प्रकरण दोन दिवसांत हातावेगळं करा’ असे सल्ले सगळीकडे मिळतात. ते देणाऱ्यांनी स्वतःचा आढावा कधी समीक्षकांसमोर ठेवलेला नसावा, असं वाचताना पदोपदी वाटतं. प्रॉम्प्ट लिहिणं हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. चॅटजीपीटी 30 नोव्हेंबर 2022 रोजी आलं, तेव्हापासून मी शिकवताना आणि संशोधनात ही साधनं वापरते आहे, विद्यार्थ्यांची प्रकरणंही तपासते आहे. खालची पद्धत त्यातूनच बसली.

तुमचा संशोधन-प्रश्न ठरलेला आहे आणि झोटेरोसारखं संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर हाताशी आहे, हे मी धरून चालते.

1. शोधाचे शब्द काढा. एआयला प्रश्न सांगा. त्याच गोष्टीला शेजारच्या विद्याशाखांत काय म्हणतात, पूर्वी कोणत्या संज्ञा चालायच्या, ते विचारा. या कामात त्याचा हात धरणारं दुसरं साधन मला माहीत नाही.

2. शोध स्वतः घ्या. ते शब्द घेऊन गूगल स्कॉलर, सिमँटिक स्कॉलर किंवा तुमच्या विषयाच्या डेटाबेसमध्ये जा. शोधनिबंधांची यादी तिथूनच आणा.

3. गोषवारे चाळा. गोषवारे एआयला देऊन ‘माझ्या प्रश्नाशी संबंधित कोणते, आणि का’ असं विचारायला हरकत नाही. मात्र त्याने वगळलेल्यांवर एकदा स्वतःची नजर फिरवा.

4. संदर्भ खरा आहे का, ते बघा. चॅटबॉटने सुचवलेला एखादा संदर्भ ठेवायचा असेल, तर ही पायरी सक्तीची. भाषेचं मॉडेल पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, या हिशेबाने मजकूर रचतं. संदर्भाचा साचा तर ठरलेला असतो: आडनाव, वर्ष, शीर्षक, जर्नल, खंड, पानं. त्यामुळे अस्तित्वात नसलेला संदर्भही हुबेहूब खऱ्यासारखा उतरतो. लेखक खरे, जर्नल खरं, पण निबंध कुणी लिहिलेलाच नाही! 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयाने चॅटजीपीटीने रचलेले खोटे खटले अर्जात दिल्याबद्दल वकिलांना 5,000 डॉलर दंड केला, तो असल्याच संदर्भांपायी.

डीओआय, म्हणजे प्रत्येक निबंधाला मिळणारा कायमचा ओळख-क्रमांक, दिलाय म्हणून निर्धास्त होऊ नका. क्रमांकाचा सुरुवातीचा भाग प्रकाशकाचा असतो, 10.1038 ने सुरू होणारे क्रमांक ‘नेचर’च्या प्रकाशकांचे, 10.1371 ने सुरू होणारे ‘प्लॉस’ या प्रकाशकाचे. मॉडेल तो भाग बरोबर लिहितं आणि शेपूट स्वतःच जोडतं. क्रमांक डीओआयच्या संकेतस्थळावर टाका आणि उघडलेल्या पानावरचं शीर्षक अक्षरशः जुळवून पाहा, कारण कधीकधी क्रमांक उघडतो आणि समोर भलताच निबंध येतो. जर्नल निघालं कधी, तेही डोक्यात असू द्या. ‘प्लॉस वन’ हे जर्नल 2006 मध्ये सुरू झालं. त्यातला 1998 चा संदर्भ दिसला की तो खोटा, पुढे तपासायची गरजच नाही.

निबंध नंतर मागे घेतला गेला आहे का, तेही याच वेळी बघून घ्या. मागे घेतलेल्या निबंधांची ‘रिट्रॅक्शन वॉच’ची नोंदवही 2023 पासून डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेकडे सर्वांसाठी खुली आहे, आणि झोटेरो तर अशा नोंदीवर स्वतःहून इशारा देतं.

5. संदर्भ तेच म्हणतो का, ते बघा. मी अडकले होते ती ही पायरी. बहुतेक जण चौथ्या पायरीवरच थांबतात. संदर्भ सापडला, उघडला, संपलं काम. पण खोटा संदर्भ निदान पकडता तरी येतो. खरा संदर्भ चुकीच्या विधानापुढे जाऊन बसला, तर तो वर्षानुवर्षं तसाच राहतो आणि तुमच्यावरून दुसरे उचलतात.

माझ्या एका आढाव्यात असंच झालं. निबंध खरा होता, पीडीएफ माझ्याकडे होती, एआयने केलेला सारांश मी वाचला होता. त्यावरून मी लिहिलं की अमुक पद्धतीने विद्यार्थ्यांचे गुण वाढतात. समीक्षकाने त्या ओळीखाली एवढंच लिहून पाठवलं: ‘कृपया तक्ता पाहा.’ तक्त्यात दोन्ही गटांचे गुण होते, फरकही होता, पण तो संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नव्हता, म्हणजे निव्वळ योगायोगानेही पडू शकेल असा होता, आणि लेखकांनी चर्चेत ते स्पष्ट म्हटलं होतं. ‘गुण वाढतात’ हे वाक्य निबंधात होतं खरं, पण प्रस्तावनेत; तिथे लेखक इतरांचं जुनं काम सांगत होते. सारांशाने ते उचलून निष्कर्षाच्या जागी ठेवलं, आणि मी मूळ पान न उघडता त्याखाली स्वतःचं नाव घातलं. त्या रात्री मी सगळे संदर्भ पुन्हा तपासायला घेतले. आणखी काही तसेच निघाले.

तेव्हापासून मला तीन ठरावीक घसरणी दिसत आल्या आहेत. पहिली वरचीच: प्रस्तावनेतलं दुसऱ्याचं विधान या निबंधाचा निष्कर्ष म्हणून येतं. दुसरी, लेखकाने जपून वापरलेले शब्द गळून पडतात. ‘संबंध असू शकतो’चं ‘मुळे होतं’ होतं, उंदरांवरचा प्रयोग माणसांना लागू होतो, लहानशा गटावरची पाहणी सरसकट सगळ्यांची होते. तिसरी घसरण आकड्यांची: आकडा बरोबर, पण दुसऱ्याच गटाचा किंवा दुसऱ्याच मोजणीचा.

यावर ‘एआयलाच पुन्हा विचारून खात्री करा’ असा सल्ला मिळतो. तो साफ चुकीचा आहे. ‘हा निबंध असं म्हणतो ना?’ असं विचारलंत की उत्तर बहुधा ‘हो’ येतं, कारण ही मॉडेलं विचारणाऱ्याच्या सुरात सूर मिसळतात. इंटरनेट-शोध चालू ठेवल्याने बनावट संदर्भ कमी होतात, पण वरच्या तीन घसरणी तशाच राहतात.

मी करते ते असं. एक तक्ता उघडते, तीन रकाने. पहिल्यात आढाव्यातलं माझं विधान. दुसऱ्यात मूळ निबंधातलं वाक्य, जसंच्या तसं, पान क्रमांकासह. तिसऱ्यात ते वाक्य कुठल्या भागातलं: प्रस्तावना, निष्कर्ष की मर्यादा. वाक्य शोधायला एआयची मदत घेते, पण माझं विधान त्याला सांगत नाही. नवं चॅट उघडून पीडीएफ देते आणि लिहिते: ‘या विषयावर लेखकांना स्वतःला काय आढळलं, ते सांगणारी वाक्यं शब्दशः आणि पान क्रमांकासह दे. नसेल तर नाही म्हण.’ मग त्या वाक्यातले सलग चार शब्द घेऊन पीडीएफमध्ये कंट्रोल-एफ करते. चारच, कारण दोन रकान्यांच्या पानावर वाक्य ओळीच्या शेवटी तुटतं, मध्येच जोडरेघ येते आणि अख्खं वाक्य टाकलं तर सापडत नाही. स्कॅन केलेली पीडीएफ असेल तर शोध चालतच नाही. पान उघडून वाचावं लागतं. वाक्य सापडलं की त्याच्या वरचा आणि खालचा परिच्छेदही वाचते. सापडलंच नाही, तर विधान आढाव्यातून काढते, मग ते कितीही सोयीचं असो.

तिसऱ्या रकान्यात ‘प्रस्तावना’ आलं, तर तिथे ज्याचा हवाला दिलाय तो मूळ निबंध गाठायचा आणि त्याची नवी ओळ करायची. हे काम कंटाळवाणं आहे. एका बैठकीत माझे बारा-पंधरा संदर्भ होतात, त्यापुढे डोळे नुसते ओळींवरून फिरतात, म्हणून तिथेच थांबते. नमुन्यादाखल दहातला एक तपासून भागवा असं कुणी सांगेल, ऐकू नका. समीक्षक नेमकं उरलेल्या नऊंपैकी एक उघडतो.

6. लिहा आणि सांगा. मसुदा स्वतः लिहा. भाषा सफाईदार करायला एआय घेतलंत तर नंतर प्रत्येक विधान तक्त्याशी पुन्हा ताडा, कारण गुळगुळीत करताना ‘कदाचित’ पहिलं गळतं. एआय लेखक होऊ शकत नाही. प्रकाशन-नीतीची ‘कोप’ ही संस्था 2023 मध्येच तसं सांगून मोकळी झाली आहे. कुठे वापरलं, ते जर्नलच्या नियमाप्रमाणे नोंदवा. आणि दुसऱ्याचं अप्रकाशित हस्तलिखित, मुलाखतींच्या नोंदी, विद्यार्थ्यांचे गुण चॅटबॉटमध्ये टाकू नका. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने 2023 मध्ये अनुदान-अर्जांच्या समीक्षकांना जनरेटिव्ह एआय वापरायला बंदी केली, ती गोपनीयतेसाठीच.

7. शिकवत असाल तर. विद्यार्थ्याने एआय वापरलं का, हे ओळखणाऱ्या साधनांवर विसंबून कुणाला दोषी धरू नका. ओपनएआयने स्वतःचं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै 2023 मध्ये मागे घेतलं. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले निबंधही अशी साधनं एआयचे ठरवतात, हेही त्याच वर्षीच्या अभ्यासात दिसलं. त्याऐवजी तीन रकान्यांचा तक्ता प्रकरणासोबत मागा. मी मागते. तोंडी परीक्षेत त्यातली कुठलीही एक ओळ निवडते, पीडीएफ समोर ठेवते आणि म्हणते, दाखव. ज्याने वाचलंय तो थेट त्या पानावर जातो, आणि बऱ्याचदा शेजारचा तक्ताही मला आपणहून समजावून सांगतो.