काच थरथरत होती, दोष मात्र रबराचा निघाला

माझी क्रूझर मोटरसायकल तीनशे किलोच्या वरची. गावात फिरताना मोकळी, लांब जायचं म्हटलं की पुढची काच आणि बाजूच्या दोन पेट्या खटकन बसवायच्या, झाली टुरिंगची गाडी. याच सोयीसाठी मी ती घेतली.

मे महिन्यात परतवाड्याहून अकोल्याकडे निघालो. सत्तरच्या पुढे काच थरथरायची, हँडलही हलायचं. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, कोनसेट गेला वाटते." कोनसेट म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. बदलला. थरथर तशीच! पैसे गेल्याचं वाईट वाटलंच, पण चिखलदऱ्याचा घाट अशा हँडलवर चढायचा या विचाराने जास्त धास्ती वाटली.

मग काच काढून त्याच रस्त्यावर गाडी चालवली. एकदम स्थिर. ही तपासणी आधीच करायला हवी होती.

काच ज्या चार खुंट्यांवर बसते, तिथली रबरं बोटाने दाबून पाहिली. दोन दगडासारखी कडक, एक चिरलेलं. आमच्याकडे पारा ४५च्या आसपास जातो आणि गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी. रबर किती टिकणार? नवीन येईपर्यंत सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, तेवढ्यानेही बराच फरक पडला. नव्या रबरांना सिलिकॉन ग्रीस लावलं. ट्रॅक्टरचं साधं ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगून खराब होऊ शकतं.

पेट्याही नीट भरल्या: जड सामान तळाशी, दोन्हीकडे सारखं.

परवा घाट चढलो. हँडल हललं नाही.