माळावरचा सेंद्रिय कर्ब वाढत नाही? या चुका टाळा

गायरानावर दोन-तीन पावसाळे चराई बंद ठेवली, गवत कमरेला लागलं, तरी माती तपासणीच्या कागदावर सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पालामुळांतून मातीत येणारा कार्बन) जिथल्या तिथे. गवताला दोष देण्याआधी नमुना कसा घेतला ते बघा.

एका वर्षी वरची १५ सेंटिमीटर माती, पुढच्या वर्षी ३०. एकदा मे महिन्यात, एकदा सप्टेंबरात. अशा आकड्यांची तुलनाच करता येत नाही. शिवाय माळावर मुरूम असतो. कागदावर मिळते ती तो चाळून काढल्यावर उरलेल्या मातीतल्या कर्बाची टक्केवारी. हेक्टरी कर्ब काढायचा तर मुरमाचं प्रमाण आणि मातीची घनता दोन्ही हिशेबात धरायला हवीत. चुनखडीची जमीन असेल तर आणखी एक गफलत होते. यंत्रात माती जाळून एकूण कर्ब मोजला, तर चुन्यातला कर्बही त्यात येतो. वॉकली-ब्लॅक या रसायनाने कर्ब मोजण्याच्या पद्धतीत ती अडचण नाही, पण सगळा सेंद्रिय कर्ब तीत पकडला जात नाही, म्हणून उत्तराला साधारण १.३ने गुणतात. एका प्रयोगशाळेने गुणलं आणि दुसरीने नाही, की एकाच मातीचे दोन आकडे! तेव्हा प्रयोगशाळा बदलू नका, आणि पद्धत विचारून लिहून ठेवा.

मोजणी बरोबर असेल, तर मग माळाकडे वळा. सगळीकडे एकटं मारवेल गवत लावणं ही नेहमीची चूक. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सीडर क्रीक इथे १९९४पासून १, २, ४, ८ आणि १६ जातींच्या वाफ्यांचा प्रयोग चालू आहे. १२ वर्षांनंतर तिथे अनेक जातींच्या वाफ्यांत, एकाच जातीच्या वाफ्यांच्या सरासरीपेक्षा, मातीतला कर्ब ५०० टक्के अधिक साठलेला दिसला. मोठा वाटा होता उष्ण हवेत जोमाने वाढणारं गवत आणि शेंगवर्गीय वनस्पती या जोडीचा: शेंगवर्गीय झाड नत्र देतं, गवत मुळं वाढवतं. तिथली जमीन रेताड, त्यामुळे तो आकडा आपल्या मुरमाला चिकटवू नका. जोडी मात्र आपल्याकडेही जमते. पवना, मारवेल, कुसळी ही सगळी तशीच गवतं. त्यांच्यात शेवरा ही शेंगवर्गीय वनस्पती आपोआप येत असेल तर तण म्हणून उपटू नका, नसेल तर स्टायलो या शेंगवर्गीय चाऱ्याचं बी टाका.

आता बुरशी. मायकोरायझा म्हणजे मुळांशी जोडून राहणारी बुरशी. तिचे तंतू मुळाला स्फुरद आणून देतात आणि बदल्यात झाडाने बनवलेली साखर घेतात. कर्ब जमिनीत उतरण्याची ही एक वाट. २०२३च्या एका अंदाजानुसार जगभरातल्या वनस्पती दरवर्षी सुमारे १३ अब्ज टन कार्बन डायऑक्साइडएवढा कर्ब या बुरशींकडे वळवतात. ‘तेवढा कायमचा साठतो’ असं काही जण सांगतात, ते चूक. तंतू मरतात, जिवाणू आणि दुसऱ्या बुरशी ते खातात, बराचसा कर्ब पुन्हा हवेत जातो. मातीच्या कणांना चिकटून राहील तेवढाच टिकतो.

म्हणून मायकोरायझाची पाकिटं आणून माळावर शिंपण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. जुन्या, न नांगरलेल्या माळात ही बुरशी असतेच. ती बिघडते ती आपल्या हातून: डीएपीसारखं स्फुरदाचं खत टाकलं की झाडाला बुरशीची गरज कमी होते, नांगर किंवा जेसीबी फिरला की तंतूंचं जाळं तुटतं. रोपांसाठी अख्खा माळ चरांनी फोडणं तर सगळ्यात महागडी चूक.

हे सगळं सांभाळलंत, तरी दरवर्षी आकडा हलेल अशी अपेक्षा धरू नका. खुंट्या ठोकून जागा पक्क्या करा आणि पाचव्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच खोलीवर पुन्हा नमुने घ्या.