व्हॉल्व्ह आणि क्लास-डी अ‍ॅम्प एकत्र जोडल्यावर येणारी घूंऽऽ: माझा अनुभव

हॉलमध्ये ईएल३४ व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅम्प, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, समोरच्या भिंतीला क्लास-डी (ट्रान्झिस्टर झटपट चालू-बंद करून चालणारा) अ‍ॅम्प. दोन्ही एकाच डॅकला (डिजिटल संगीताचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारा डबा) वाय-केबलने (एकाच्या दोन होणारी केबल) जोडले की ५० हर्ट्झची घूं सुरू. एकेकटे मात्र शांत.

व्हॉल्व्ह बदलले, महागडी केबल आणली, फरक शून्य. तीन रविवार गेले, जीव मेटाकुटीला आला.

शेवटी सगळं बंद करून व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच्या इनपुट केबल काढल्या, स्पीकर तसेच ठेवले (स्पीकरशिवाय तो कधीच चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो). चालू केला, शांत. डॅक जोडला, तरी शांत. क्लास-डीची आरसीए पिन (ऑडिओ केबलची गोल पिन) खोचली आणि घूं! दोन्ही अ‍ॅम्प तीन पिनांचे, वेगळ्या सॉकेटवर. दोन अर्थिंग आणि आरसीए केबलचं शिल्ड (बाहेरची धातूची जाळी) मिळून वेटोळं होत होतं, ग्राउंड लूप म्हणतात तो हाच.

मग दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घेतले. घूं बरीच उतरली. उरलेली क्लास-डीच्या आरसीए केबलमध्ये १:१ लाइन आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सिग्नल जाऊ देतो, पण दोन्हीकडचं ग्राउंड वेगळं ठेवतो) घातल्यावर पार गेली.

अर्थिंगची पिन मात्र काढू नका. अशा व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये ४०० व्होल्टच्या आसपास डीसी असतो. आत बिघाड झाला तर तो धातूच्या पेटीवर येऊ शकतो.