अंगावरून जास्त जातंय का? मोजून बघा

डॉक्टरांकडे गेल्यावर बहुतेक जणी सांगतात, "पाळीत माझं जरा जास्तच जातं." आईचं, बहिणीचंही तसंच जात असेल, तर जास्त म्हणजे किती हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून दोन पाळ्यांची नोंद ठेवा. भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

दर वेळी पॅड बदलताना त्या तारखेच्या चौकोनात खूण करा: नुसता डाग असेल तर टिंब, अर्धं भिजलं असेल तर आडवी रेघ, पूर्ण भिजलं असेल तर फुली. गाठ पडली तर 'गा' लिहा. नुसती पॅडं मोजू नका. स्वच्छतेसाठी चार-सहा तासांनी पॅड बदलतोच, त्यामुळे आकडा फुगतो. साधं पॅड पूर्ण भिजलं तर अंदाजे 5 मिली, रात्रीचं मोठं पॅड 10 ते 15 मिली धरा. पाळीचा कप वापरत असाल तर रिकामा करण्याआधी आतल्या रेघेवरचा आकडा लिहा, ही सर्वांत नेमकी पद्धत. कापड असेल तर घडी भिजायला किती तास लागले ते लिहा.

एका पाळीत साधारण 30 ते 40 मिली जातं. 80 मिलीच्या वर गेलं तर ते जास्त. बेरीज जमली नाही तरी खुणा सांगतात: तासा-दोन तासांत पॅड भिजणं, रात्री बदलायला उठावं लागणं, सात दिवसांपुढे लांबणं, रुपयाच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी पडणं.

लागोपाठ दोन तास दर तासाला पॅड भिजत असेल, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, दिवस गेल्याची शक्यता असेल किंवा पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर नोंदी करत थांबू नका, दवाखाना गाठा.

तपासणीत हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही मागा, त्यातून लोहाचा साठा कळतो. शरीरातला लोहाचा साठा आधी संपतो आणि हिमोग्लोबिन नंतर उतरतं. त्यामुळे हिमोग्लोबिन 12 असूनही जिना चढताना धाप लागू शकते. गरजेप्रमाणे थायरॉइड आणि सोनोग्राफी होते. पहिल्या पाळीपासूनच मुलीचं खूप जात असेल, नाकातून वारंवार रक्त येत असेल किंवा दात काढल्यावर ते थांबलं नसेल, तर हे आवर्जून सांगा. रक्त गोठण्यातला दोष असू शकतो.

लोहाच्या गोळ्या अनेकदा चहामुळे वाया जातात. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं आणि ते आतड्यात शोषलं जात नाही. गोळी सकाळी उपाशीपोटी, लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत घ्या आणि पुढचा तासभर तरी चहा, कॉफी, दूध नको. कॅल्शियमची गोळी रात्री. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या. शोषण थोडं कमी होईल, पण गोळी सुटणार नाही. दिवसाआड घेतली तरी चांगली लागू पडते, डॉक्टरांना तसं विचारा. शौचाला काळं होणं हे लोहाचंच, त्याला घाबरू नका. हिमोग्लोबिन भरलं की गोळी बंद करणं ही नेहमीची चूक. साठा भरायला पुढे आणखी तीन महिने लागतात.

रक्तस्राव कमी करायला ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या फक्त पाळीच्या दिवसांत देतात. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल तर या गोळ्या चालत नाहीत, हे आधी सांगा. हार्मोनची तांबीही आहे. पाच वर्षं तरी काम करते आणि बऱ्याच जणींचं जाणं अगदी थोडं होतं.

थेट "पिशवी काढून टाका" असा सल्ला मिळाला तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचं मत घ्या. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या ऐन तिशीत काढल्याचं 2019 मध्ये गाजलं आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. कर्करोगाची शंका नसेल तर आधी औषधं, मग तांबी, शस्त्रक्रिया त्यानंतर. आणि त्या दुसऱ्या भेटीला जाताना कॅलेंडरची दोन पानं फाडून सोबत न्या.