इतिहासाच्या प्राध्यापकांचे कागद आवरताना या चुका टाळा

सर गेल्यावर खोलीभर कागद उरतात आणि घरचे म्हणतात, ‘आधी नीट लावू, मग ग्रंथालयाला देऊ.’ पहिली चूक इथेच. पत्रे एकीकडे, टिपणे दुसरीकडे असे गठ्ठे पडले की कोणते पत्र कोणत्या लेखाच्या तयारीत आले होते, ते कुणालाच सांगता येत नाही. पाकिटावरचा मथळा, फायलींचा क्रम, अगदी पसारासुद्धा तसाच राहू द्या. हलवण्याआधी कपाटाचे कप्प्याकप्प्याने फोटो काढा आणि त्याच क्रमाने खोक्यांवर आकडे घाला.

चिटोरे फेकू नका. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर रुमालांत, म्हणजे कापडी गठ्ठ्यांत, बांधलेले आहे. त्यामुळे मराठेशाहीवर काम करणाऱ्याच्या टिपणात कधी नुसता ‘रुमाल’ आणि पुढे आकडा एवढेच असते. घरच्यांना तो धोब्याचा हिशेब वाटतो! मूळ मोडी कागद शोधायचा तर तोच आकडा लागतो.

फाटक्या पानाला सेलोटेप नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. टेपचा डिंक पिवळा पडतो, डाग कागदात उतरतो. गंजलेल्या टाचण्या अलगद काढा, पण त्यांनी जोडलेली पाने कोऱ्या कागदाच्या घडीत एकत्रच ठेवा. क्रमांक पेन्सिलीने. फॅक्सचे गुळगुळीत कागद आधी स्कॅन करा, त्यांची अक्षरे उडतात. ओले कागद उन्हात नाही, सावलीत वाळवायचे. कसर लागलेले खोके बाकीच्यांपासून लांब.

पत्रव्यवहार पुरा मिळाला असे समजू नका. सरांना आलेली पत्रे घरात सापडतील, त्यांनी लिहिलेली दुसऱ्यांच्या घरी असणार. इतिहासकार जदुनाथ सरकारांची पत्रे त्यांचे इतिहासकार मित्र रियासतकार सरदेसाईंनी जपली म्हणून तर पुढे छापता आली. तेव्हा सरांच्या जुन्या सहकाऱ्यांना विचारा.

आलेले पत्र लगेच फेसबुकवर टाकायचा मोह आवरा. कागद तुमच्याकडे असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो लेखकाच्या मृत्यूनंतरही बरीच वर्षे टिकतो. विद्यार्थ्यांचे गुण, प्रबंधांवरचे गोपनीय अहवाल वेगळ्या पाकिटात घालून संस्थेला तसे सांगा.

आणि खोकी टेम्पोत चढण्यापूर्वी यादीवर पोच घ्या. एका घरी ‘नंतर देतो’ म्हणून राहिलेली पोच मी तीन वर्षे मागत होतो.