नवीन माणूस दिसला की आक्रसता? मग हे करून बघा

आधी 'माझा स्वभावच घुमा आहे' हे म्हणणं सोडा. साहेबांनी मीटिंगमध्ये नुसतं वर बघितलं तरी तोंडाला कोरड पडते ना, तेव्हा मेंदूतल्या दोन भागांचं आपसात काहीतरी चाललेलं असतं, एक अमिग्डाला, ज्याला सगळीकडे धोक्याचा वास येतो, आणि दुसरा हिप्पोकॅम्पस, जो कोण कुठे कधी भेटलं याची नोंद ठेवतो. २०१४ मध्ये फेलिक्स-ऑर्टिझ आणि के टाय या संशोधकांनी उंदरांमध्ये या दोघांमधली वायर प्रकाशाने चालू-बंद करून बघितली. चालू केली की उंदीर दुसऱ्या उंदराजवळ जायला टाळायचा, दाबून टाकली की जास्त मिसळायचा! माणसाचं इतकं सरळ नसतं, पण अंदाज येतो.

तर आक्रसल्यासारखं झालं की आधी स्वतःला विचारा, हा माणूस आत्ता खरंच काही वाईट करतोय का, की याच्यामुळे दुसराच कोणी आठवतोय? आवाज, चष्मा, दारात उभं राहायची ढब, काहीही असू शकतं. नाही आठवलं तरी हरकत नाही. क्लापारेद नावाच्या डॉक्टरने १९११ मध्ये एका स्मृती गेलेल्या बाईबद्दल लिहिलंय, त्याने हातात टाचणी लपवून शेकहँड केला, नंतर बाईंना टोचल्याचं काही आठवेना पण हात मात्र पुढे करेनात (प्रयोग म्हणून वाईटच, पण मुद्दा कळतो).

मग मनातल्या मनात सरळ शब्दात म्हणा, 'मला भीती वाटतेय.' ब्रेन स्कॅनमध्ये दिसलंय की भावनेला नाव दिलं की अमिग्डाला थोडा निवतो.

आता खरं काम. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी 'इथे काही होत नाही' अशी नवीन आठवण तयार होते आणि ती त्या जागेला चिकटून बसते, म्हणून एकाच माणसाशी फक्त ऑफिसात बोलून धीर आला तरी बाहेर भेटला की परत ततपप होतं, त्यामुळे जिना, कँटीन, फोन, असं वेगवेगळ्या ठिकाणी दोन-दोन मिनिटं बोला. एकदम तासभर नको.

आणि रात्रभर जागून अवघड विषय काढू नका, २००७ च्या एका प्रयोगात झोप न झालेल्यांचा अमिग्डाला नकोशा फोटोंवर साधारण ६० टक्के जास्त भडकत होता.

समोरच्याने खरंच त्रास दिला असेल तर हे काही करायचं नाही, तिथे लांब राहणंच बरोबर. आणि पॅनिक अटॅक येत असतील तर एकट्याने प्रयोग नकोत, थेरपिस्टकडे जा, तेही असंच थोडंथोडं पण सांभाळून करून घेतात.