टी.सी. काढायची घाई नको: विषय राहिल्यावर कॉलेज बदलताना या चुका टाळा

माझ्या भाच्याचे बी.कॉम.च्या पहिल्या वर्षात चार विषय राहिले. घरात दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी पठ्ठ्या खानापूरहून पहिली बस धरून बेळगावला गेला आणि टी.सी. काढून आला. नव्या कॉलेजात मार्क्स कार्ड बघितल्यावर क्लार्क म्हणाला, "जागा नाही." जुन्या कॉलेजातून नाव कमी झालेलं, नव्यात लागलेलं नाही.

म्हणून आधी नव्या कॉलेजचा होकार घ्या, तोही लेखी. "या हो, बघू" हा होकार नव्हे. टी.सी. सगळ्यात शेवटी.

दुसरी चूक आमच्या कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागातली खास. महाराष्ट्रातलं चंदगड, गडहिंग्लज जवळ, शिवाय मराठी वातावरण, म्हणून मुलं तिकडे वळतात. पण अंतर किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही. इकडची कॉलेजं राणी चन्नम्मा विद्यापीठाची, तिकडची शिवाजी विद्यापीठाची. विद्यापीठ बदललं की मायग्रेशन सर्टिफिकेट (जुनं विद्यापीठ सोडल्याचा दाखला) आलं, नव्या विद्यापीठाची पात्रता आली, शिवाय अभ्यासक्रम जुळतो का हा प्रश्न. कर्नाटकाने 2024 मध्ये चार वर्षांची पदवी सोडून पुन्हा तीन वर्षांची आणली, त्यामुळे विषयांची जुळणी आणखी किचकट. प्रत्येक पेपरचा छापील अभ्यासक्रम सोबत न्या. नुसत्या नावावरून कोणी विषय माफ करत नाही. आणि हो, महाराष्ट्र हक्क सांगतो त्या सीमाभागातल्या 865 गावांतल्या मराठी मुलांना महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला मिळणारी सवलत सीईटीच्या प्रवेशफेरीतली आहे. मधल्या वर्षी कॉलेज बदलताना तिच्या भरवशावर राहू नका.

राहिलेले विषय लपवू नका, मार्क्स कार्डावर ते दिसतातच. इकडे 'बॅक' म्हणतात, तिकडे 'एटीकेटी'. किती विषय राहिले तर पुढच्या वर्षाला बसू देतात, एवढं थेट विचारा.

मूळ कागदपत्रं ठेवून घ्यायला कॉलेजला परवानगी नाही, यूजीसीने 2018 मध्येच तसं बजावलंय. तपासून झाली की परत मागा.

हे सगळं करूनही भाच्याचं मूळ दुखणं तसंच राहिलं असतं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पीयूसीला (अकरावी-बारावीला) एकदम इंग्रजी. येणं-देणं त्याला तोंडपाठ, पण प्रश्नात 'डेटर्स-क्रेडिटर्स' दिसले की हात थांबायचा. हे त्याच्या वहीतल्या अर्धवट ताळेबंदावरून मला कळलं, तेही टी.सी. काढून झाल्यावर. शेवटी प्राचार्यांच्या हातापाया पडून जुन्याच कॉलेजात परत घेतलं त्याला. आता रोज संध्याकाळी शेजारच्या बँकवाल्या काकांकडे वही घेऊन बसतो. चारपैकी दोन विषय सुटलेत.